गोधडीसाठी दीड लाखाचे मशीन: घ्यावे की नाही, हे ठरवताना

संगणकीकृत शिलाई मशीन घ्यावे की नाही, हा प्रश्न माझ्यापुढे २०२४ च्या दिवाळीनंतर उभा राहिला आणि त्याचा निकाल लागायला २०२५ चा दसरा उजाडला. मधल्या काळात या विषयावर मराठीत वाचायला फारसे काही हाती लागले नाही. जे लागले ते एक तर ब्लाउज, फॉल आणि पिको यांपुरते होते, नाही तर परदेशात क्विल्टिंग (कापडाचे थर एकत्र शिवून गोधडी करणे) करणाऱ्या बायकांसाठी लिहिलेले होते, ज्यांच्या घरात वीज १२० व्होल्टची असते आणि ज्यांना मशीन बिघडले तर गावातच दुरुस्त करून मिळते. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. मशीनचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मॉडेल दर दोन-तीन वर्षांनी बदलतात आणि ते निवडण्याची कारणे मात्र तीच राहतात.

मी सांगलीत राहते आणि गेली काही वर्षे मागणीप्रमाणे गोधड्या शिवून देते. काही आजीच्या मऊ झालेल्या सुती लुगड्यांचे थर एकावर एक घालून केलेल्या असतात, तर काही वर ठिगळकामाचे कापड, मध्ये कापसाची बॅटिंग, म्हणजे मऊ थर, आणि खाली अस्तर अशा तीन पदरांच्या असतात. माझ्याकडे आईचे मोटर बसवलेले जुने काळे मशीन आणि एक साधे विजेचे मशीन होते. बाळांच्या छोट्या गोधड्यांना ही दोन्ही पुरेशी होती. अडचण होती ती डबलबेडच्या गोधडीची.

ही अडचण कशी येते ते सांगते, कारण सगळा निर्णय शेवटी तिच्यावरच येऊन ठरला. घरगुती मशीनमध्ये सुईच्या उजवीकडे, खांबापर्यंत, साधारण साडेसहा इंच मोकळी जागा असते. नव्वद इंच रुंदीची गोधडी मध्यापासून शिवायला घेतली, की तिचा अर्धा भाग, म्हणजे पंचेचाळीस इंच, गुंडाळी करून याच जागेतून न्यावा लागतो. पाव इंच जाडीच्या गोधडीची ती गुंडाळी जवळजवळ चार इंच जाड होते. उरलेल्या दोन-अडीच इंचांत हात घालून कापड फिरवायचे, आणि बाहेर लोंबणारे वजन खांद्याने पेलायचे. माझा उजवा खांदा २०२३ पासून कुरकुरत होता आणि फिजिओथेरपी सुरू झाल्यावर मी मोठ्या गोधड्यांची कामे परत पाठवू लागले.

दिवाळीनंतर मी वर्षभराची वही घेऊन बसले. त्या वर्षी मोठ्या गोधड्यांची नऊ कामे मी नाकारली होती. एका मोठ्या गोधडीचे मी सात हजार रुपये घेते. कापड, बॅटिंग आणि दोरा यांना अठ्ठावीसशेच्या आसपास जातात, म्हणजे हातात बेचाळीसशे राहतात. नऊ कामांचे सदतीस हजार आठशे झाले. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला, आणि पुढे दुकानात कोणी नवे वैशिष्ट्य दाखवू लागले की मनात या आकड्याकडे पाहत असे. महागडे मशीन घेण्याच्या विचारात असलेल्या प्रत्येकीने दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी आपला असा आकडा काढावा. जे काम आजच्या मशीनवर होतेच आहे, ते त्यात धरू नये. केवळ नव्या मशीनमुळे जे वाढेल तेवढेच धरावे.

जानेवारी २०२५ मध्ये मशीन पाहायला पुण्याला गेले. आधी फोन करून वेळ ठरवून घेणे आवश्यक आहे, कारण वरच्या किमतीची मशीन बहुतेक दुकानांत खोक्यातच असतात आणि दाखवणारी जाणकार व्यक्ती रोज येत नाही. दाखवण्याची पद्धतही ठरलेली आहे: कडक खळीचे एकेरी कापड घ्यायचे आणि त्यावर पाने, फुले, अक्षरे झरझर काढून दाखवायची. अशा कापडावर कोणतेही मशीन सुंदरच शिवते. मी सोबत माझे स्वतःचे नमुने नेले होते. एक तीन पदरांचा चौकोन होता, ज्याच्या ठिगळकामात आठ पदर एकत्र येणारा सांधा होता. दुसरा पाच लुगड्यांच्या थरांचा होता. हे नमुने नेल्याचा फार उपयोग झाला. एका मशीनने सांध्यावर टाके गाळले, दुसऱ्याने वरचा पदर पुढे ढकलून शेवटी चांगली अर्ध्या इंचाची चुणी पाडली. दाखवणाऱ्या ताई मनमोकळ्या होत्या. त्यांनी स्वतःच सांगितले की इतके जाड काम घेऊन फारसे कोणी येत नाही, आणि मशीनच्या पायाचा, म्हणजे कापड वरून दाबून धरणाऱ्या पट्टीचा, दाब कमी करून पुन्हा शिवून दाखवले.

पाहिलेली मशीन तीन प्रकारांची होती. पहिला प्रकार शिलाई आणि भरतकाम दोन्ही करणारा, मोठ्या पडद्याचा, चार लाखांच्या पुढचा. त्यात शेकडो टाके असतात, भरतकामाची चौकट बसवली की नक्षी आपोआप उमटते, आणि खरे सांगायचे तर ते पाहताना भान हरपते. पण वहीतल्या कामांत भरतकाम मागणारे गिऱ्हाईक एकही नव्हते. गोधडीभर नक्षी हवी असली तरी चौकट पुनःपुन्हा सरकवून जुळवत बसावे लागते. किमतीचा मोठा वाटा मी न वापरणार असलेल्या भागाचा होता, त्यामुळे हा प्रकार त्याच दिवशी बाजूला पडला.

दुसरा प्रकार यांत्रिक, फक्त सरळ टीप मारणाऱ्या, लांब हाताच्या मशीनचा. क्विल्टिंग करणाऱ्या अनेक बायका जगभर यावरच काम करतात. सरळ टीप मला तिन्हींत याचीच सर्वांत आवडली. एकच छिद्र असलेली सुईपट्टी (सुईखालची धातूची पट्टी) असल्यामुळे कापड खाली ओढले जात नाही आणि टाका अगदी सरळ रेषेत बसतो. किंमतही संगणकीकृत मशीनच्या निम्म्याहून कमी. मात्र त्यावर झिगझॅग नाही, आणि माझ्या गोधड्यांवरच्या ॲप्लिकच्या, म्हणजे वरून शिवलेल्या कापडी आकृत्यांच्या, कडा झिगझॅगनेच बंद होतात. म्हणजे जुने मशीन शेजारी ठेवावेच लागले असते. सुईच्या उजवीकडची जागाही साडेआठ इंचांच्या आसपास होती.

आमच्या गल्लीतले शिंपीमामा तर म्हणत होते, की हे सगळे सोड आणि कारखान्यातले टेबलासकटचे मशीन घे, तीस हजारांत काम होईल. त्यांचा सल्ला उडवून लावण्यासारखा नव्हता. त्या मशीनला जागाही भरपूर असते आणि ते वर्षानुवर्षे टिकते. पण कापड सरकवणारे दाते त्यात एका बटणाने खाली जात नाहीत, आणि दाते खाली गेल्याशिवाय कापड हाताने हवे तसे फिरवत मुक्त क्विल्टिंग करणे अवघड जाते. सरळ रेघांच्या गोधड्याच करणार असाल, तर मामांचा सल्ला आजही योग्यच आहे असे मी म्हणेन.

तिसरा प्रकार संगणकीकृत, पण भरतकामाशिवाय: सुईच्या उजवीकडे अकरा इंच जागा, वरून आणि खालून दोन्हीकडून कापड एकाच वेगाने ओढणारी जोडयंत्रणा, थांबल्यावर सुई कापडातच खाली ठेवण्याची सोय, बटणावर दोरा कापणे, गुडघ्याने पाय उचलण्याचा दांडा आणि पायाचा दाब बदलण्याची सोय. माझ्या लुगड्यांच्या नमुन्यावर चुणी न पाडणारे हे एकच मशीन होते. ‘संगणकीकृत’ या शब्दाचा व्यवहारातला अर्थ मला इथे कळला. सुईची आडवी हालचाल आणि दात्यांची हालचाल वेगवेगळ्या छोट्या मोटरी करतात आणि त्यांना आज्ञा एका सर्किट बोर्डाकडून मिळते. म्हणून टाक्याची लांबी हवी तेवढी नेमकी ठेवता येते, आणि मुख्य मोटरही बोर्डच सांभाळत असल्याने कमी वेगातही सुईची ताकद टिकते. पण बोर्ड गेला तर मामांसारखा कारागीर पाना घेऊन काही करू शकत नाही, हीसुद्धा त्याच अर्थाची दुसरी बाजू आहे.

मुक्त क्विल्टिंग शिकणाऱ्यांसाठी एक गोष्ट नोंदवते. हात आणि मोटर यांचा वेग जुळला नाही तर टाके लहान-मोठे पडतात. बर्निनासारख्या काही कंपन्यांनी मशीनच्या पायाजवळ संवेदक (सेन्सर) बसवून, कापड जितके सरकेल त्या प्रमाणात सुई चालवणारी यंत्रणा काढली आहे. मी ती वापरून पाहिली. नवख्या हाताला तिचा आधार नक्कीच वाटतो. माझा हात बसलेला असल्याने तिच्यासाठी वेगळे पैसे मोजावेत असे मला वाटले नाही.

तिसऱ्या प्रकाराचे कोटेशन एक लाख अडुसष्ट हजारांचे मिळाले. मूळ किंमत दीड लाख आणि त्यावर बारा टक्के जीएसटी, असे दोन्ही आकडे मी वेगळे लिहून घेतले. कोटेशन नेहमी असेच मागावे. पुढे ते कसे कामी आले ते येईलच. त्याच वेळी दुरुस्तीविषयीचे प्रश्नही लेखी विचारले. बिघाड झाल्यास तंत्रज्ञ सांगलीला येईल की मशीन पुण्याला न्यावे लागेल, बोर्डाची किंमत किती, सुटे भाग भारतात साठवलेले असतात की मागवावे लागतात, आणि दुरुस्तीच्या काळात बदली मशीन मिळते का. एका विक्रेत्याने चारही प्रश्नांना ‘काळजी करू नका’ एवढेच उत्तर दिले, आणि त्याचे मशीन स्वस्त असूनही मी यादीतून काढले. दुसऱ्याने स्पष्ट लिहून दिले, की मशीन पुण्याला आणावे लागेल, बोर्ड साठ्यात नसल्यास चार ते सहा आठवडे लागतील आणि बदली मशीन मिळणार नाही. हे उत्तर ऐकायला गोड नव्हते, पण त्यावर विसंबून बेत आखता येत होता. आईचे जुने मशीन काहीही झाले तरी विकायचे नाही, हे मी तेव्हाच ठरवले.

एप्रिलमध्ये न्यू जर्सीत राहणारी माझी धाकटी बहीण म्हणाली, की तिकडे हेच मशीन सवलतीत स्वस्त मिळते, येताना घेऊन येते. हा मोह बहुतेक सगळ्यांना पडतो, म्हणून त्याचा हिशेब देते. तेव्हाच्या नियमांनुसार विमानाने येणाऱ्या भारतीय प्रवाशाला सामानात पन्नास हजार रुपयांपर्यंतच्या वस्तू करमुक्त आणता येत होत्या आणि त्यावरच्या रकमेवर अधिभार धरून साडेअडतीस टक्के सीमाशुल्क होते. दोन प्रवाशांनी आपली सवलत एकाच वस्तूसाठी जोडून चालत नव्हती. मशीन सव्वा लाखाला मिळाले असते, तरी पंचाहत्तर हजारांवर जवळजवळ एकोणतीस हजार शुल्क बसून ते एक लाख चोपन्न हजारांवर गेले असते. शिवाय ते १२० व्होल्टवर चालणारे, आपल्याकडे २३० व्होल्ट. म्हणजे ट्रान्सफॉर्मर आला. मशीनचे वजन पंधरा किलोंच्या आसपास, त्यात खोके धरले की तेवीस किलोंची एक बॅग त्यातच संपली. आणि वॉरंटी कार्डावर ती अमेरिका आणि कॅनडापुरतीच असल्याचे छापलेले होते. बहिणीला मी त्याऐवजी चांगल्या सुया आणि क्विल्टिंगचे हातमोजे आणायला सांगितले. ते मोजे मात्र खरोखरच उपयोगी आहेत. बोटांना रबरी पकड असल्याने कापड फिरवताना मनगटावर जोर कमी येतो.

मे महिन्यात पैशांचा विचार सुरू केला. निम्मी रक्कम साठवलेली होती, उरलेल्यासाठी कर्ज घ्यावे असा बेत होता. ओळखीच्या एका बाईंनी कारागिरांसाठीची पीएम विश्वकर्मा योजना सुचवली. तिच्या अठरा व्यवसायांत शिंपीकाम येते आणि पाच टक्के व्याजाने कर्ज मिळते हे खरे आहे, पण सरकारी नोकरीत असलेल्यांच्या कुटुंबीयांना ती लागू नाही आणि आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. त्यामुळे छोट्या व्यवसायांना कर्ज देणाऱ्या मुद्रा योजनेकडे वळले. पन्नास हजारांपर्यंतचे कर्ज तिच्या ‘शिशु’ गटात आणि त्यावरचे पाच लाखांपर्यंतचे ‘किशोर’ गटात येते, आणि तारण लागत नाही.

त्याआधी लहान उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी करावी लागली. ती सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनच्या आधारे पूर्णपणे विनामूल्य होते आणि घरबसल्या होते. सरकारी वाटावीत अशी खासगी संकेतस्थळेही शोधात वर येतात आणि शुल्क मागतात. पैसे मागितले की आपण चुकीच्या ठिकाणी आहोत असे समजावे. बँकेने उद्यम प्रमाणपत्र, ओळखपत्रे, सहा महिन्यांचा खातेउतारा, आयकर विवरणपत्र आणि विक्रेत्याचे कोटेशन मागितले. कोटेशनची मुदत तीस दिवसांची होती आणि ती फाइल टेबलावर असतानाच संपली, म्हणून नवे मागवावे लागले. अधिकाऱ्यांचा मुख्य प्रश्न वेगळाच होता: “मॅडम, शिलाई मशीनला दीड लाख कसे?” प्रश्न रास्त होता. मी वही नेली, नाकारलेली नऊ कामे दाखवली, अकरा इंच जागेचे चित्र काढून दाखवले, आणि त्यानंतर फाइल पुढे सरकली. बँकेत जाणाऱ्यांनी मशीनची माहितीपत्रके न्यावीत, पण त्याहून आपली कामाची वही अवश्य न्यावी.

एक लाखाचे कर्ज जूनच्या अखेरीस मंजूर झाले. अकरा टक्के दराने तीन वर्षांचा हप्ता तीन हजार दोनशे चौऱ्याहत्तर रुपये येत होता, म्हणजे व्याजाचेच जवळजवळ अठरा हजार. माझी कामे पावसाळ्यात आटतात आणि हप्ता मात्र आटत नाही. जुलैमध्ये हातात एकच काम असताना मी मंजुरीचे पत्र समोर ठेवून विचार केला आणि कर्ज उचलायचे नाही असे ठरवले. दिवाळीच्या मोसमातल्या मिळकतीची भर पडेपर्यंत थांबायचे, तोवर मोठी कामे नाकारायची. थांबणे त्रासाचे होते. एका ओळखीच्या कुटुंबाने आजीच्या लुगड्यांची मोठी गोधडी मागितली, तेव्हा त्यांना नाही म्हणताना जीवावर आले.

थांबल्याचा एक लाभ अनपेक्षित होता. १५ ऑगस्टच्या भाषणात पंतप्रधानांनी जीएसटीत बदलाची घोषणा केली आणि ३ सप्टेंबरच्या जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर शिलाई मशीनवरचा कर बारावरून पाच टक्क्यांवर येणार हे निश्चित झाले. नवा दर २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेपासून, लागू होणार होता. दीड लाखाच्या मूळ किमतीवर यामुळे साडेदहा हजारांचा फरक पडत होता. विक्रेत्याने सुरुवातीला सांगितले, की साठ्यातला माल जुना असल्याने किंमत जुनीच राहील. पण कर ठरतो तो विक्रीच्या वेळी. २२ तारखेनंतर बिल होऊन माल दिला, की नवा दर लावावा लागतो, मग माल गोदामात कधी का आला असेना. मूळ किंमत वेगळी लिहिलेले कोटेशन मी पुढे केले आणि चर्चा तिथेच संपली. मी जीएसटी नोंदणीकृत नसल्याने भरलेला कर मला परत मिळत नाही, त्यामुळे हा फरक सरळ खिशातला होता.

दसरा २ ऑक्टोबरला होता. त्याच आठवड्यात पुन्हा पुण्याला जाऊन, तोच लुगड्यांचा नमुना त्याच मॉडेलवर परत शिवून, काही रक्कम आगाऊ भरून मशीन नोंदवले. हवा तो नग साठ्यात नव्हता, म्हणून खंडेनवमीला पूजेला बसवण्याची हौस राहिली आणि मशीन नोव्हेंबरच्या अखेरीस हातात आले. उरलेली रक्कम मी दुकानातच, खोके उघडून, मशीनचा क्रमांक बिलाशी आणि वॉरंटी कार्डाशी ताडून मग दिली.

दरम्यान घरी तयारी चालली होती. मोठी गोधडी शिवायची तर मशीनचा पृष्ठभाग टेबलाच्या पातळीत असायला हवा, म्हणजे कापडाचे वजन टेबल पेलते. सुताराकडून टेबल कापून, आत खालच्या पातळीवर फळी बसवून घेतली. त्याचे साडेनऊ हजार झाले. मापे माहितीपत्रकावरून न घेता प्रत्यक्ष मशीनवरून घ्यावीत, कारण वायर आणि गुडघ्याचा दांडा यांना जागा सोडावी लागते. व्होल्टेज आमच्याकडे संध्याकाळी खालीवर होते, म्हणून स्टॅबिलायझर अठ्ठावीसशेचा घेतला, आणि घरच्या साध्या इन्व्हर्टरवर मशीन चालवू नये, ही तंत्रज्ञाची सूचना भिंतीवर लिहून ठेवली. टेबल वरच्या मजल्यावर ठेवले आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुराचे पाणी ज्यांनी पाहिले आहे त्यांना कारण सांगायला नको. जादा बॉबिन, सुया आणि एकछिद्री सुईपट्टी यांचे चोवीसशे झाले. मशीनचे एक लाख साडेसत्तावन्न हजार धरून एकूण खर्च एक लाख बहात्तर हजार दोनशे, प्रवास वेगळा.

आता पहिल्या पानावरच्या आकड्याकडे. वर्षाला सदतीस हजार आठशे जादा मिळाले, तरी हा खर्च भरून यायला साडेचार वर्षे लागतील. निव्वळ धंदा म्हणून पाहिले तर हा व्यवहार फार आकर्षक नाही, आणि कोणी केवळ कमाईसाठी विचारत असेल तर मी आधी जुन्या मशीनला मोठे टेबल करून पाहा, असेच सांगेन. निम्मा त्रास त्यानेच कमी होतो. माझ्या बाबतीत पारडे झुकले ते खांद्यामुळे आणि लुगड्यांच्या थरांमुळे.

डिसेंबरपासून त्यावर तीन मोठ्या गोधड्या झाल्या आहेत. आठवडाभर रेंगाळणारे क्विल्टिंग आता दोन-तीन दिवसांत होते आणि खांदा रात्री ठणकत नाही. मशीनमधल्या टाक्यांपैकी मी सरळ टीप, झिगझॅग आणि कडेचा ब्लँकेट टाका एवढेच वापरले आहेत. बाळांच्या गोधड्यांचा धावदोरा अजून हातानेच घालते, कारण गिऱ्हाईक तोच मागते. सुई दर गोधडीला बदलते. जाड थरांना ९०/१४ ची चालते. कापसाच्या बॅटिंगचे तूस बॉबिनच्या खाचेत भराभर साठते, ते रोज ब्रशने काढते. फुंकर मारली तर ते आत जाते आणि श्वासातली ओलही लागते, असे तंत्रज्ञाने बजावले आहे. पहिली विनामूल्य सर्व्हिसिंग सहा महिन्यांनी, म्हणजे मे महिन्यात आहे, आणि ती पुण्यातच करून घ्यावी लागेल. लग्नसराईच्या गर्दीत एसटीने पंधरा किलो नेणे नको, म्हणून शेजारच्यांच्या गाडीत आधीच जागा सांगून ठेवली आहे. मूळ खोके आणि थर्मोकोल त्यासाठीच जपून ठेवले आहेत. तुम्हीही टाकू नका.